एनक्लेक्स राहिला, पूर्ण १५० प्रश्न आले. दुसऱ्या अटेम्प्टला अभ्यास कसा बदलायचा?

मानेवाडा_सिस्टर

नमस्कार, मी नागपूरची, बीएस्सी नर्सिंग २०२१ पासआउट. तीन वर्षं झाली, एका प्रायव्हेट हॉस्पिटलच्या आयसीयूमध्ये आहे. मागच्या महिन्यात मुंबईला जाऊन एनक्लेक्स-आरएन, म्हणजे अमेरिकेत नर्सच्या लायसन्ससाठी लागणारी परीक्षा, दिला अन् राहिला. पेपर कमीत कमी ८५ प्रश्नांवर बंद होऊ शकते, ८५ वर बंद होईल या आशेवर बसली होती, ८६ आला, ९० आला, ११० नंतर आकड्याकडे पाहणंच सोडलं, अन् पूर्ण १५० झाले तेव्हा पाच तासातली अकरा मिनिटं उरली होती. बाहेर आली तर पेपर चांगला गेला की वाईट हेही मला सांगता येत नव्हतं. आजपर्यंत कोणत्याच परीक्षेत असं झालं नाही.

तयारी कशी केली ते लिहिते, म्हणजे चूक कुठं झाली ते तुम्ही सांगू शकाल. पाच महिने अभ्यास केला. दोन जाड रजिस्टर भरून नोट्स काढल्या, कार्डियाक, रेस्पिरेटरी, रीनल, ओबीजी, सगळं सिस्टिमप्रमाणे, लॅब व्हॅल्यू तर तोंडपाठ, अजूनही आहेत. प्रश्न हजार-बाराशे सोडवले पण ते शेवटच्या महिन्यात, अन् बहुतेक मोबाईलवर, ऑटोत नाहीतर ड्युटीच्या मधल्या वेळात. ड्युटी बारा तासाची, महिन्याला दहा-अकरा नाईट. नाईटवरून आलं की नागपूरच्या या उन्हात कूलरसमोर पडून पुस्तक उघडायचं अन् दोन पानात डोळे मिटायचे, हे तुम्हाला सांगायला नको.

रिझल्टसोबत तो परफॉर्मन्स रिपोर्ट आला. फिजिऑलॉजिकल अडॅप्टेशन पासिंगच्या वर आहे, फार्माकोलॉजी जवळपास, मॅनेजमेंट ऑफ केअर खाली, सायकोसोशलही खाली. मला हेच समजून नाही राहिलं. व्हेंटिलेटरचा कोणता अलार्म कशाचा हे मी पाठ फिरवून सांगते, रोज दोन-तीन सिरियस पेशंट सांभाळते, अन् केअर मॅनेज करण्यातच मी खाली कशी?

पैशाचंही सांगते. २०० डॉलर रजिस्ट्रेशन, भारतातलं सेंटर घेतलं म्हणून वरून १५० डॉलर, तिकडच्या नर्सिंग बोर्डाची फी अन् कागदपत्रांचा खर्च वेगळा. माझा पगार १८,००० आहे. आईनं तिच्या भिशीचे पैसे दिले होते. बाबा म्हणून राहिले की आता बस झालं, नॉरसेट (एम्सची नर्स भरतीची परीक्षा) दे, मिहानला एम्स आहे, घरून जाऊन येऊन करशील. त्यांचं चुकत नाही. पण मला हे अर्धवट सोडायचं नाही.

ज्यांचा पहिल्यांदा राहिला अन् नंतर निघाला त्यांनी प्लीज सांगा, दुसऱ्यांदा नक्की काय वेगळं केलं? परत तेच रजिस्टर वाचू का? की क्लास लावू?

ब्रदर_नंदनवन

सिस्टर, १५० पर्यंत गेलं म्हणजे खूप वाईट झालं हे पहिले डोक्यातून काढा. तुमच्या प्रत्येक उत्तरानंतर कम्प्युटर अंदाज बांधत राहतो की हा माणूस पासिंगच्या रेषेच्या वर आहे की खाली, अन् ९५ टक्के खात्री झाली की थांबतो. जो खूप खाली आहे त्यालाही ८५ वरच थांबवतो, त्यामुळे ८५ ला बंद झालं म्हणजे पास हे पण खरं नाही. तुम्हाला १५० पर्यंत नेलं याचा अर्थ शेवटपर्यंत त्याला ठरवता आलं नाही, तुम्ही रेषेला चिकटून होत्या. इतक्या जवळ असणाऱ्याला सगळं पुन्हा पहिल्यापासून शिकायची गरज नसते.

अन् प्रश्न अवघड येत गेले असतील तर तेही चांगलंच होतं, बरोबर उत्तर दिलं की पुढचा कठीण येते. माझ्यासोबतची एक जण हॉलमध्येच रडायला लागली होती की सगळे अवघड येऊन राहिले, ती पास झाली.

पुन्हा बसायला कमीत कमी ४५ दिवस थांबावं लागते, नवीन रजिस्ट्रेशन, नवीन एटीटी (परीक्षेला बसायचं परवानगीपत्र). पण ४५ व्या दिवशी बसलंच पाहिजे असं काही नाही. मी म्हणेन तीन महिने घ्या.

दुसऱ्यांदा_निघाला

ताई, तुमची पोस्ट वाचून मला माझेच दिवस आठवले, म्हणून नाईट संपवून आली तरी लिहून राहिली. माझाही पहिला राहिला होता, माझ्याही रिपोर्टमध्ये मॅनेजमेंट ऑफ केअर खाली होतं, अन् मी काय केलं माहीत आहे का, फोर्थ इयरचं मॅनेजमेंटचं पुस्तक काढून प्लॅनिंग, ऑर्गनायझिंग, स्टाफिंग, बजेटिंग वाचत बसली. पंधरा दिवस वाया गेले. त्या सेक्शनचा त्या विषयाशी तसा संबंधच नाही. तिथं विचारतात की चार पेशंट आहेत, पहिले कोणाकडे जाशील, कोणतं काम कोणाला देशील, कन्सेंटमध्ये तुझी जबाबदारी किती अन् डॉक्टरची किती, पेशंट नाही म्हणाला तर काय. अन् पेपरमध्ये सगळ्यात मोठा वाटा त्याचाच, १५ ते २१ टक्के. त्याखालोखाल फार्माकोलॉजी, १३ ते १९.

आता तुमच्या मेन प्रश्नावर येते. आपल्याला परीक्षा कशी माहीत आहे? "थायरॉइडेक्टॉमीनंतरचं नर्सिंग मॅनेजमेंट लिहा." आपण दहा मुद्दे लिहायचो, दहाही बरोबर, मॅडम मार्क द्यायच्या. त्या दहातला पहिला कोणता करशील हे चार वर्षात कोणी एकदाही विचारलं नाही. आपल्याकडे डिग्री झाली की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन होऊन जाते, लायसन्ससाठी वेगळी परीक्षा नाही, त्यामुळे अशा पेपरची सवय कधी लागलीच नाही. एनक्लेक्सचे चारही ऑप्शन बहुतेक वेळा बरोबरच दिसतात. चारही कामं करायचीच असतात. तो फक्त पहिलं कोणतं ते विचारतो. आपण रजिस्टर उघडून पाहिलं तर चारही त्यात लिहिलेले असतात, मग आपण अडकतो.

दुसरी गोष्ट वॉर्डची. ब्लड चालू आहे, पेशंटला थंडी वाजून आली, कंबर दुखून राहिली म्हणते. आपण काय करतो? पहिले आरएमओला (ड्युटीवरच्या डॉक्टरला) फोन. कारण बॅग बंद केली अन् नंतर कोणी विचारलं "कोणाला विचारून बंद केली?" तर काय सांगायचं ही भीती प्रत्येक सिस्टरच्या मनात असते. मी पहिल्या अटेम्प्टला असल्या प्रश्नात "डॉक्टरला कळवणे" टिक करून आली. उत्तर असते ट्रान्सफ्युजन थांबवणे. मग नवीन सेट लावून नॉर्मल सलाइनवर लाइन चालू ठेवणे, मग कळवणे. एनक्लेक्स असं धरून चालते की बेडपाशी तूच आहेस, तुझ्याकडे लायसन्स आहे, अन् तुझ्या हातात जे आहे ते तू करून मग फोन करशील. मला हे पटायला दोन महिने लागले, खरं सांगते, कारण माहिती मला होती, हिंमत नव्हती. पेपरवर टिक करायलासुद्धा हात अडायचा.

तिसरं म्हणजे तुमचं सायकोसोशल. पेशंट म्हणते "मला वाटते मी आता वाचणार नाही." आपण वर्षानुवर्षं काय म्हणतो? "काही नाही होत काका, काळजी करू नका, सगळं ठीक होईल." मनापासून म्हणतो. तिथं हे चूक आहे, खोटा दिलासा धरतात. "डॉक्टर चांगले आहेत" हेही चूक, "असं का वाटते तुम्हाला?" हेही बहुतेक वेळा चूकच, कारण त्या 'का'नं माणसाला उलटतपासणी झाल्यासारखं वाटते. त्याला काय वाटून राहिलं ते त्याला बोलू देणारं वाक्य शोधायचं. हे मी आता ड्युटीवरपण करते अन् खरंच फरक पडते. एका आजीनं मला तिच्या लेकाबद्दल अर्धा तास सांगितलं, त्याआधी ती कोणाशी बोलतच नव्हती.

आता अभ्यास. मी रजिस्टर बंद केलं. रोज ४० प्रश्न, लॅपटॉपवर, टायमर लावून, मोबाईलवर नाही. अन् प्रत्येक प्रश्नाचं रॅशनेल, म्हणजे उत्तरामागचं कारण, वाचायचं, बरोबर आलेल्याचंसुद्धा, अन् बाकीचे तीन ऑप्शन का नाही ते स्वतःच्या शब्दात म्हणायचं, मी तर मराठीत म्हणायची. नाईटच्या दिवशी २० केले तरी चालते पण नाईटवरून आल्या आल्या नाही, झोपून उठल्यावर. सुट्टीच्या दिवशी एका बैठकीत ८५, मध्ये उठायचं नाही.

अन् एक चुकांची वही केली, तीन खाने. पहिला, मला माहीतच नव्हतं. दुसरा, माहीत होतं पण प्रश्न वाचण्यात चूक झाली. तिसरा, माहीत होतं, नीट वाचलंही, पण क्रम चुकला. पहिल्या दोन आठवड्यांनी मोजलं तर पहिल्या खान्यात सगळ्यात कमी होते. सगळ्यात जास्त तिसऱ्यात. तेव्हा समजलं की मी पाच महिने जे रजिस्टर पाठ केलं ते ज्या रोगासाठी होतं तो रोग मला नव्हताच. तुमच्या रिपोर्टवरून मला वाटते तुमचंही तेच आहे.

क्लासचं म्हणाल तर मी पहिल्या वेळेस लावला होता, नाव घेत नाही, त्यांनी पीडीएफच्या पीडीएफ पाठवल्या अन् शंका विचारली की "रिपीट होणारे प्रश्न" पाठ करा म्हणायचे. बरोबर अभ्यास करणारी एक मैत्रीण त्यापेक्षा जास्त कामाची.

जुनी_ट्यूटर

बऱ्याच वर्षं शिकवण्यात गेली आहेत म्हणून दोन-चार गोष्टी लिहिते. वरच्या सिस्टरनी फार छान लिहिलं आहे, पण एका ठिकाणी मी सहमत नाही. "रजिस्टर बंद केलं" हे तुम्हा दोघींसाठी ठीक, तुमचा पाया पक्का आहे. परवाच डिग्री पास झालेल्या मुलींनी हे वाचून नुसते प्रश्नांवर प्रश्न सोडवायला घेतले तर त्यांचा पहिलाच खाना भरून वाहील. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध द्यायच्या आधी पूर्ण एक मिनिट एपिकल पल्स (छातीवर ऐकून मोजलेले ठोके) मोजायचा, मोठ्या माणसात ६० च्या खाली असेल तर डोस थांबवायचा, पोटॅशियम कमी असेल तर टॉक्सिसिटीचा धोका वाढतो, एवढं माहीत नसेल तर क्रम कशाचा लावणार?

डेलिगेशनबद्दल, म्हणजे कोणतं काम कोणाला द्यायचं याबद्दल, कोणी सविस्तर लिहिलं नाही आणि आपल्या मुली सगळ्यात जास्त तिथेच चुकतात. त्यात त्यांचा दोष नाही, आपल्या वॉर्डची रचनाच वेगळी आहे. तिकडे आरएन (रजिस्टर्ड नर्स), तिच्या खाली एलपीएन (कमी मुदतीचं शिक्षण घेतलेली लायसन्सवाली नर्स) आणि मग असिस्टंट असतात. आपल्याकडे एलपीएनच्या जागी बसेल असं कोणी नाही. आपल्याकडे स्टाफ, स्टुडंट, मावशी, मामा, आणि निम्मं काम पेशंटचे नातेवाईक करतात. म्हणून प्रश्न वाचताना आपल्या डोक्यात आपला वॉर्ड उभा राहतो आणि उत्तर चुकतं. एवढं धरून ठेवा: पहिली तपासणी, पेशंटला शिकवणं, निष्कर्ष काढणं आणि अस्थिर पेशंट, हे आरएननी स्वतःकडे ठेवायचं. स्थिर पेशंटची ठरलेली कामं एलपीएनला. अंघोळ, चालवणं, भरवणं, इनटेक-आउटपुट मोजणं, स्थिर पेशंटचे व्हायटल्स असिस्टंटला. पण स्ट्रोकनंतर पहिल्यांदाच भरवायचं असेल तर ते असिस्टंटचं काम राहत नाही, गिळता येतं की नाही ते आधी तपासायचं असतं. असे बारीक फरक विचारतात.

तसंच ते हॉस्पिटल आदर्श आहे असं समजायचं. टीबीचा संशय असलेला पेशंट आपल्याकडे खिडकीजवळच्या बेडवर असतो, कारण दुसरी जागा नसते. तिथे निगेटिव्ह प्रेशरची (आतली हवा बाहेर न जाऊ देणारी) खोली आहेच, एन-९५ आहेच, स्टाफ पुरेसा आहे. "आमच्याकडे असं नसतं" हा विचार मनात आला की तिथेच थांबा.

औषधांची नावं. एनक्लेक्समध्ये जेनेरिक नाव येतं, आणि तेही अमेरिकेत चालणारं. आपण वॉर्डात लॅसिक्स, एम्सेट म्हणतो. मुलींना फ्युरोसेमाइड, ऑन्डॅनसेट्रॉन ओळखू येतं, पण खरी अडचण पुढच्यांची: पॅरासिटामॉल म्हणजे तिथे असेटामिनोफेन, सालब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, ॲड्रिनॅलिन म्हणजे एपिनेफ्रिन, पेथिडिन म्हणजे मेपेरिडिन, लिग्नोकेन म्हणजे लिडोकेन. असेटामिनोफेन म्हणजे काहीतरी वेगळंच औषध आहे असं समजून लिव्हरचा प्रश्न चुकवून आलेली मुलगी मी पाहिली आहे. वजन पाउंडात दिलं तर २.२ नं भागायचं, हेही हाताला सवयीचं करून घ्या.

आणि मराठी मीडियमच्या मुलींनी भाषेला घाबरू नका पण दुर्लक्षही करू नका. आजाराची नावं आपल्याला येतात, अडवतात ते साधे शब्द. व्हॉइड म्हणजे लघवी होणे, क्लॅमी म्हणजे घामानं गार ओलसर पडलेली त्वचा, रेस्टलेस म्हणजे चुळबुळ. पेशंट अचानक चुळबुळ करायला लागला तर ऑक्सिजन कमी पडत असेल हे आपल्याला वॉर्डात कळतं, पण इंग्रजी वाक्यात तो शब्द आपण ओलांडून पुढे जातो. प्रश्नात असा शब्द दिसला तर तो उगाच टाकलेला नसतो.

गोंदियावाली

मी हैदराबादला दिला, परीक्षेच्या दिवसाचं सांगते. नागपूरला सेंटर नाही त्यामुळे जायचं तर आहेच. मला मुंबईपेक्षा हैदराबाद सोपं पडलं, नागपूर ते सिकंदराबाद वंदे भारत आहे, पहाटे निघते अन् दुपारी पोचवते, तिकडं आदल्या दिवशी पोचून सेंटर पाहून घेतलं अन् झोपली. रात्रभर गाडीत बसून सकाळी पेपरला बसू नका, कितीही पैसे वाचत असले तरी.

पासपोर्टवरचं नाव अन् एटीटीवरचं नाव अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडे हा मोठाच लोच्या आहे, वडिलांचं नाव मध्ये कधी असते कधी नसते, अन् लग्न झालं की कौन्सिलचं रजिस्ट्रेशन माहेरच्या नावानं, पासपोर्ट सासरच्या नावानं. माझं असंच होतं, ते निस्तरायलाच चार महिने गेले. ज्यांचं लग्न ठरून राहिलं त्यांनी आधीच विचार करून घ्या.

आत तळहाताचं स्कॅनिंग होते, मोबाईल, घड्याळ सगळं लॉकरमध्ये. पुसता येणारा बोर्ड अन् पेन देतात, कॅल्क्युलेटर स्क्रीनवरच. मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही अन् न सोडवता पुढंही जाता येत नाही. दोन तासांनी ब्रेक विचारते, मग साडेतीन तासांनी, पण घड्याळ चालूच राहते. मी पहिला ब्रेक घेतला, पाणी पिली, तोंड धुतलं, सात मिनिटं गेली पण डोकं जागेवर आलं. तुम्ही ब्रेक घेतला होता का ताई?

मिहान_मधून

थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. अभ्यासाचं सगळ्यांनी सांगितलं, पण पास होऊन कुठं जाणार हे पण आत्ताच पाहा. मला एका एजंटनं सांगितलं होतं "एनक्लेक्स काढा, दोन वर्षात अमेरिका", अन् दीड लाख मागितले होते. नशीब माझं की आधी स्वतः वाचलं. नर्सेसचं ग्रीन कार्ड ईबी-३ या नोकरीवाल्या कॅटेगरीमधून होते अन् भारतात जन्मलेल्यांच्या रांगेची तारीख २०२५ मध्येही २०१२-१३ च्या आसपासच अडकलेली होती. म्हणजे आज अर्ज टाकला तर किती वर्षं थांबावं लागेल ते तुम्हीच पाहा. ही रांग जन्माच्या देशावरून असते, पासपोर्टवरून नाही. या तारखा देणारं अमेरिकन सरकारचं व्हिसा बुलेटिन दर महिन्याला निघते, कोणीही फुकट वाचू शकते.

याचा अर्थ एनक्लेक्स वाया असं नाही. कॅनडानं २०१५ पासून रजिस्टर्ड नर्सेससाठी हीच परीक्षा घेतली, ऑस्ट्रेलियात पण आपल्याकडच्या नर्सेसना एनक्लेक्स-आरएन अन् मग ॲडलेडला ओएससीई (प्रॅक्टिकल परीक्षा) असा रस्ता आहे. फक्त कोणत्या बोर्डातून अप्लाय करायचं, इंग्रजीचं काय लागते, हे देश ठरवून मग करा.

अन् बाबांचं नॉरसेटचं म्हणणं मी सोडून नाही देणार. मी तीच दिली अन् आज पर्मनंट आहे. पण दोन्हीची तयारी एकत्र होईल असं समजू नका. नॉरसेटला निगेटिव्ह मार्किंग आहे, चुकलं की एक तृतीयांश मार्क कटते, अन् सरळ माहितीचे प्रश्न खूप असतात. तुमचं ते रजिस्टर तिथं नक्की कामाला येईल.

मानेवाडा_सिस्टर

सगळ्यांना मनापासून थँक्यू. काल ड्युटीवरून आल्यावर सगळं दोनदा वाचलं, आईला पण वाचून दाखवलं.

@गोंदियावाली ब्रेक नाही घेतला. दोन्ही वेळेस स्क्रीनवर आला अन् दोन्ही वेळेस वेळ जाईल म्हणून पुढं गेली. आता आठवते, १०० च्या पुढचे प्रश्न मी दोन-दोनदा वाचत होती.

@मिहान_मधून दादा, रागाचं काही नाही. माझी मावसबहीण ऑस्ट्रेलियात आहे, माझ्या डोक्यात तेच आहे, फक्त ग्रीन कार्डची रांग इतकी लांब आहे हे माहीत नव्हतं. बाबांसोबत बोलली. या तीन महिन्यात एनक्लेक्सच, नंतर नॉरसेटचा फॉर्म निघाला की तोही भरणार असं ठरलं. त्यांनी मान डोलावली.

@दुसऱ्यांदा_निघाला ताई, वही केली. मागच्या महिन्यात सोडवलेले अन् चुकलेले ६० प्रश्न परत काढले अन् तीन खान्यात टाकले. पहिल्यात ११, दुसऱ्यात १७, तिसऱ्यात ३२. पाहून पोटात कसंतरी झालं. बॅग बंद करायचं तुम्ही लिहिलं ना, माझं पण हेच उत्तर चुकलं होतं, अगदी हेच.

एक विचारायचं होतं, केस स्टडीचं काय करायचं? त्यात नर्सेस नोट्स, लॅब, व्हायटल्स असे टॅब येतात अन् मी सगळे वाचेपर्यंत वेळ जातो.

दुसऱ्यांदा_निघाला

केस स्टडी एप्रिल २०२३ पासून नवीन पॅटर्नमध्ये आल्या, आपल्या वेळच्या सिनियरना त्या नव्हत्या म्हणून त्यांचा सल्ला तिथं कमी पडते. एका केसवर सहा प्रश्न, अन् तीन केस तर येतातच. ते सहा प्रश्न एका ओळीत चालतात: काय वेगळं दिसून राहिलं, त्याचा अर्थ काय, त्यात सगळ्यात धोक्याचं कोणतं, काय काय करता येईल, आत्ता काय करशील, अन् केल्यावर फरक पडला का. तुम्ही आयसीयूत रोज हेच करता, फक्त कोणी नावं देऊन विचारत नाही. मी पहिले प्रश्न वाचायची, मग टॅब. अन् नॉर्मल असलेलं सगळं मनातल्या मनात खोडायची, उरलेलं तीन-चार ओळींचंच राहते.

आणखी एक. "लागू असलेले सगळे निवडा" वाल्यात आता अर्धवट मार्क मिळतात पण चुकीचं टिक केलं की त्यातून एक कटते, म्हणून अंदाजानं सगळेच टिक करू नका.

जुनी_ट्यूटर

मानेवाडा_सिस्टर, हा एक करून पाहा. उत्तरासोबत कारण लिहा, आणि पुढे काय कराल तेही.

तुम्ही आत्ताच हँडओव्हर घेतला. पहिले कोणाकडे जाल? एक, सीओपीडीचे (फुफ्फुसाचा जुनाट आजार) ६८ वर्षांचे काका, सॅच्युरेशन ९० टक्के, धाप नेहमीसारखी. दोन, काल अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेला मुलगा, टाक्यांत दुखतं म्हणतो, दहापैकी सात. तीन, आज सकाळी पायाला प्लास्टर घातलेला तरुण, मॉर्फिन देऊनही दुखणं वाढतंय, बोटांना मुंग्या. चार, जेवणाआधीची शुगर २१०, इन्सुलिन द्यायचं बाकी.

मानेवाडा_सिस्टर

मॅडम, खरं सांगते, नजर पहिले काकांवरच गेली, एअरवे-ब्रीदिंग पहिले असं डोक्यात इतकं पक्कं आहे. मग थांबली. सीओपीडीला ९० अपेक्षितच आहे अन् धाप नेहमीसारखी असं लिहिलं आहे, म्हणजे नवीन काही नाही. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी दुखणं अपेक्षित. २१० वाला लगेच बिघडणार नाही. तीन नंबरचं अपेक्षित नाही, औषधानं दुखणं कमी व्हायला पाहिजे अन् ते वाढून राहिलं, वरून मुंग्या. कम्पार्टमेंट सिंड्रोम, म्हणजे आत दाब वाढून पायाचा रक्तपुरवठा कमी होणं. पहिले त्याच्याकडे.

जाऊन बोटांचा रंग, गरमपणा, पल्स, कॅपिलरी रिफिल पाहीन, बोटं हलवता येतात का पाहीन, पाय उशीवर उंच करीन अन् लगेच डॉक्टरला फोन. इथं फोन लवकरच करायचा ना, कारण प्लास्टर कापणं माझ्या हातात नाही, बाकी थांबून मी काही करू शकत नाही?

माझ्या वॉर्डात असते तर खरं म्हणजे दोन नंबरकडे गेली असती, कारण त्याचे नातेवाईक दारात उभे राहिले असते.

जुनी_ट्यूटर

पेशंट बरोबर निवडला, कारणही बरोबर, फोनचंही बरोबर. पण पाय उंच करायचा नाही. हृदयाच्या लेव्हललाच ठेवायचा, उंच केला तर आधीच कमी झालेला रक्तपुरवठा आणखी कमी होतो. बर्फही लावायचा नाही. वहीत कोणत्या खान्यात टाकणार?

मानेवाडा_सिस्टर

पहिल्या. हे मला खरंच माहीत नव्हतं मॅडम. आतापर्यंत प्लास्टरच्या प्रत्येक पेशंटला मी उशी देत आली आहे.

जुनी_ट्यूटर

ते चुकीचं नव्हतं. नवीन प्लास्टरला सूज येऊ नये म्हणून उशी द्यायचीच. कम्पार्टमेंटचा संशय आला की मात्र काढायची. दोन्ही एकाच ओळीत लिहून ठेवा. उद्या दुसरा प्रश्न देते, चेस्ट ट्यूबचा.